शे का, मंगल?

छातीत दुखायला लागलं की डॉक्टरकडे जावं, हे सगळ्यांना माहीत असतं. आमच्या जळगावकडचा माणूस मात्र आधी काल काय खाल्लं ते आठवतो. थंडीचे दिवस असले तर आठवायचीही गरज नसते, कारण भरीत खाल्लेलं असतंच.

मी मंगल. माहेर असोद्याचं, जळगावात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, आणि पन्नाशी ओलांडली तेव्हा मला हार्ट अटॅक आला. आमचे हे दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला आहेत. नाव विलास. पुढे मी त्यांना नुसतं विलास म्हणणार आहे. तोंडावर 'अहो' म्हणावं लागतं, लिहिताना तेवढी मोकळीक घेते.

हे लिहितेय ते माझ्यासारखं काही झालेल्या बायकांसाठी, आणि त्यांच्या नवऱ्यांसाठीसुद्धा. यात गोळ्यांची नावं आणि रिपोर्टातले आकडे नाहीत, ते तुमचे डॉक्टर सांगतील. मला भीतीबद्दल सांगायचंय. आजाराबद्दल सगळ्यांनी भरभरून सांगितलं, भीतीबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता.

पंक्चर मंडळ

सायकल मी चाळिशीनंतर धरली. दिवसभर मशीनवर बसून गुडघे आखडायला लागले होते, म्हणून रेखाने ओढून नेलं. रेखा माझी शाळेपासूनची मैत्रीण, आता स्वतःच शाळेत शिकवते आणि मलाही विद्यार्थीच समजते. दर रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण निघायचो. रस्त्याकडेच्या बाभळींनी आमच्या ट्यूबांची चाळण केल्यावर ग्रुपचं नाव आपोआपच पंक्चर मंडळ पडलं.

आमचे म्होरके नाना. ते एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाले तेव्हा म्हणाले, जन्मभर लोकांना बसवून नेलं, आता स्वतःच्या पायाने जाऊन बघतो. नाना मूळचे धुळ्याकडचे, त्यामुळे तोंडात अहिराणी. आमच्या असोद्याकडची बोली वेगळी. आम्ही 'आहे' म्हणतो तिथे नाना 'शे' म्हणतात.

या 'शे'चा आमच्या मंडळात एक नियम झाला होता. हायवेला ट्रकांच्या गर्दीत पुढच्याने मागे वळून बघणं म्हणजे यमाला बोलावणं. म्हणून नाना पुढून ओरडायचे, "शे का?" मग पुढून मागे एकेक जण, "शे!" सगळ्यात मागे मी. मी हळू चालवते आणि रेंगाळणाऱ्यांना रागावून पुढे हाकलते, म्हणून ती जागा मला मिळालेली. माझा "शे" ऐकू आला की ओळ पूर्ण झाली असं समजायचं. विलासला याचं भारी हसू यायचं. "लहान पोराला शी करायला बसवल्यासारखे 'शे शे' काय करता?" असं म्हणायचे.

दर हिवाळ्यात आमची एक मोठी राईड असते. पहिल्या दिवशी जळगावहून धुळे, दुसऱ्या दिवशी धुळ्याहून शिरपूर आणि तिथून पुढे सातपुड्याच्या पायथ्याचं एक गाव. त्या बाजूच्या पाड्यांवरून आजारी माणसांना, अडलेल्या बायकांना शिरपूरच्या दवाखान्यात आणणारी एक गाडी आहे. ती चालती राहावी म्हणून आम्ही ओळखीपाळखीच्या लोकांकडून देणग्या गोळा करतो आणि सायकलवर जाऊन देऊन येतो. गाडीने जाऊन दिल्या तर लोक देत नाहीत, हा आमचा अनुभव. दुसऱ्याचे पाय दुखले की लोकांचे हात सैल होतात.

भरीत बाधलं

त्या वर्षी राईडच्या आधीच्या रविवारी असोद्याला माझ्या भावाच्या शेतात भरीत पार्टी होती. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ, त्यावर भाजलेली हिरवी वांगी, लाकडी बडगीत बत्त्याने ठेचलेल्या मिरच्या, वर शेंगदाण्याचं तेल आणि सोबत ज्वारी-उडदाच्या पिठाची, कळण्याची भाकरी. ज्याच्या डोळ्यांतून पाणी येत नाही त्याने भरीत खाल्लं असं आमच्याकडे मानत नाहीत.

आठवडाभर माझा डावा खांदा दुखत होता. लग्नसराईचे ब्लाउज होते, मशीनवरून उठायला फुरसत नव्हती, म्हणून मी त्याचा दोष मशीनला दिला. जेवण झालं आणि छातीवर कोणी गरम इस्त्री ठेवून विसरून गेल्यासारखं वाटायला लागलं. थंडीत कपाळाला घाम आला.

"नाना, मले जरा कसंतरी होतंय."

"भरीत बाधनं तुले," नाना म्हणाले. "सोडा पी ले, बठ्ठं उतरी जाई."

रेखाने लिंबू पिळून खायचा सोडा दिला. मी ढेकर दिली. सगळे हसले, मीही हसले. माहेरचं भरीत लेकीलाच बाधलं, म्हणून भावाने चिडवलं. मी सायकल काढली. असोदा ते जळगाव अंतर ते काय, पाय गरम होईतो गाव येतं.

"शे का?" नाना पुढून ओरडले. मी म्हटलं, "शे."

थोड्या वेळाने पुन्हा. पुन्हा मी "शे" म्हटलं. एव्हाना डावा हात हँडलवर आहे की नाही हे मला बघावं लागत होतं. तिसऱ्यांदा नानांनी विचारलं, पुढच्या सगळ्यांचे "शे" झाले, माझी पाळी आली, मी तोंड उघडलं आणि आवाजच निघाला नाही.

नाना थांबले. हायवेवर कधी मागे न बघणारा माणूस सायकल टाकून उलटा पळत आला. "मंगल? काबर बोलत नही व?" त्यांनी केळीचा एक टेम्पो अडवला, मला पुढे ड्रायव्हरशेजारी कोंबलं आणि स्वतः मागे केळीच्या घडांवर बसले. टेम्पोत पिकल्या केळ्यांचा वास भरला होता. अजूनही तो वास आला की मी रस्ता बदलते.

'भरीत आम्हीही खातो, ताई'

दवाखान्यात छातीला, हातापायाला चिकटपट्ट्या लावल्या, ईसीजीची कागदी पट्टी निघाली. डॉक्टरांनी ती बघितली आणि माझ्याकडे न बघता सिस्टरला दोन-तीन गोष्टी भराभर सांगितल्या. मग मला म्हणाल्या, "ताई, हा अटॅक आहे."

"नाही हो," मी म्हटलं. "भरीत बाधलंय."

"भरीत आम्हीही खातो, ताई," त्या म्हणाल्या आणि माझा हात धरला.

त्यांनी हात धरला तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. तोपर्यंत नुसतं दुखत होतं. डॉक्टर रागावले, कंटाळले, घाईत असले तर समजायचं की आपलं बरं चाललंय. डॉक्टरने हात धरला की समजायचं, काहीतरी मोठं आहे.

विलास दीपनगरहून येईपर्यंत रेखा जवळ होती. ते आले ते ड्यूटीच्या कपड्यांवरच. कागदावर सही कुठे करायची ते सिस्टरने त्यांना दोनदा दाखवलं. मला आत घेताना ते म्हणाले, "मंगल, दुकानाची चावी कुठे आहे?" दुसरं काही सुचलं नाही त्यांना. मी म्हटलं, "फ्रिजवर." आमचा तो निरोप झाला.

मनगटातून तार घालून हृदयापर्यंत नेली. मी जागी होते. आयुष्यभर मी सुईत दोरा ओवला, आता मला कोणी ओवत होतं. मी मरणार असं मला स्पष्ट वाटलं, आणि त्या वेळी देव आठवला नाही, प्राची आठवली. प्राची आमची मुलगी, पुण्याला नोकरी करते. सकाळी तिच्याशी फोनवर भांडले होते, लग्नाच्या विषयावरून. तेच भांडण शेवटचं राहणार, याने मला रडू आलं. आतले डॉक्टर म्हणाले, "दुखतंय का?" मी नाही म्हटलं.

हिरवी रेघ

आयसीयूत माझ्या डोक्याशी एक पडदा होता आणि त्यावर हिरवी रेघ उड्या मारत जायची. मी मान वाकडी करून ती बघत बसायचे. माझं लक्ष हटलं तर ती थांबेल असं मला वाटायचं. डोळा लागला की दचकून उठायचे आणि पहिलं तिकडे बघायचे. हे एका सिस्टरच्या लक्षात आलं. तिने तो पडदा माझ्या नजरेआड वळवला आणि विचारलं, "तुम्ही ब्लाउज शिवता ना? माझ्या बाह्या नेहमी काखेत का ओढतात?"

मी तिच्याकडे नीट बघितलं. "हात वर करा," म्हटलं. "खांदा उतरता आहे तुमचा. शिंपी बाहीची गोलाई कमी देतो." मग तिला मी निजल्या निजल्या बाही कशी कापायची ते सांगितलं. तेवढा वेळ मी माझ्या छातीत काय चाललंय ते विसरले होते. त्या सिस्टरला मी नंतर ब्लाउज शिवून दिला, काखेत ओढत नाही असं ती म्हणते.

भेटायच्या वेळेत नाना आले. त्यांना दारातूनच बघू दिलं. उंच माणूस, दारात वाकून उभा. डोळे भरलेले, पण आवाज हायवेवरचा.

"शे का व, मंगल?"

सगळा वॉर्ड दचकला. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मला 'शे' म्हणता येईना. मी आहे असं मोठ्याने म्हटलं तर ते कोणीतरी ऐकेल आणि येऊन राहिलेलं काम पुरं करेल, अशी भीती वाटली. हे वेडेपणाचं आहे हे मला तेव्हाही कळत होतं. मी नुसता हात हलवला. नाना वाट बघत थांबले आणि मग गेले.

घरी

घरी आल्यावर लोकांपासून सुटेन असं वाटलं होतं, उलट रीघ लागली. प्रत्येक जण बिनसाखरेचा चहा घ्यायचा आणि कोणाच्या तरी मेव्हण्याची गोष्ट सांगायचा. तो मेव्हणा अगदी असाच बरा होऊन घरी आला होता आणि मग एके दिवशी चप्पल घालताना गेला. ते सगळे मेव्हणे मला तोंडपाठ झाले. शेवटी प्राचीने, ती रजा घेऊन आली होती, दारावर 'पेशंट झोपल्या आहेत' अशी पाटी लावली. तरी एक मामी झोपलेली मी कशी दिसते ते बघायला आत आल्याच.

खरी भीती ते सगळे गेल्यावर यायची. डाव्या कुशीवर निजले की उशीत ठोके ऐकू यायचे. ते ऐकू आले की धडकी भरायची, आणि ऐकू नाही आले की त्याहून जास्त. न्हाणीघराची कडी मी लावेनाशी झाले, कारण आत पडले तर दार तोडावं लागेल. दुकानात जायला लागले, पण गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेताना टेप हातात तशीच राहायची. हिच्या आत सगळं ठीक असेल का, असा विचार यायचा. दुकानाला दोन पायऱ्या आहेत, त्या चढून मी मनगट दाबत उभी राहायचे.

एके दुपारी मी पडले होते, झोप नव्हती, नुसते डोळे मिटले होते. विलास पाऊल न वाजवता आले आणि त्यांनी माझ्या नाकाखाली बोट धरलं. श्वास लागला तसे परत गेले. मी डोळे उघडले नाहीत. किती दिवस हे चाललं होतं कोण जाणे. मला त्यांची कीव यायला हवी होती, पण मला राग आला. जिवंत आहे की नाही हे बघायला बाई काय तव्यावरची भाकरी आहे, उलटून बघायला?

तो राग सायकलवरून बाहेर पडला. विलासने माझी सायकल जिन्याखाली साखळीने बांधून कुलूप लावलं होतं आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवली होती. सायकलमुळेच हे झालं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. त्या दिवशी मंडळाच्या ओळीत नसते तर मी घरी येऊन झोपले असते आणि उठले नसते, हे डॉक्टरांनी सांगूनही उपयोग नव्हता.

"डॉक्टर हो म्हणतात आणि तुम्ही कोण नाही म्हणणारे?" मी ओरडले. "मी मेले नाही अजून!"

"तू आत होतीस," ते म्हणाले. ते कधी ओरडत नाहीत, तेव्हाही ओरडले नाहीत. "मी भायेर बाकड्यावर होतो. तुह्या छातीत काय झालं ते समद्या जळगावाले माहीत आहे. माह्या छातीचं कोनी इचारलं का?"

तेव्हाही मी त्यांना विचारलं नाही. माझ्याच छातीपुढे मला दुसऱ्या कोणाची दिसत नव्हती. आजारी माणूस असा होतो.

घंटी

त्या हिवाळ्याची राईड माझ्याशिवाय झाली. पुढच्या पावसाळ्यात डॉक्टरांनी मला यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावर चालवलं, पळवलं, पुन्हा कागद काढले आणि सांगितलं की सायकल चालवा, हळू, आणि एकट्या नको. म्हणजे हृदय तयार होतं. मी तयार नव्हते. पुढच्या थंडीतली राईड पूर्ण करायची असं मी रेखाला बोलून बसले, आणि बोलल्याक्षणी पश्चात्ताप झाला. ती राईड नाही केली तर मी जन्मभर न्हाणीघराची कडी लावणार नाही, एवढं मात्र मला कळत होतं.

विलासने चावी दिली. "मी मागे गाडीत राहीन," एवढंच म्हणाले. पंक्चर मंडळाची सामानाची जीप असते, ती चालवायला त्यांनी रजा टाकली.

सरावाला 'शे' म्हणायची पाळी आली की माझी जीभ अजूनही टाळ्याला चिकटायची. नानांनी आग्रह केला नाही. "घंटी वाजाड," म्हणाले. मग माझ्या पाळीला मी घंटी वाजवायची. ट्रिंग झालं की नाना पुढे बघायचे.

जळगावहून निघालो तेव्हा छान ऊन पडलं होतं. एरंडोल, पारोळा, मध्ये चहा. लोक मजेत होते. मी प्रत्येक चढाला घाबरले, प्रत्येक उताराला चढ आठवून घाबरले. घाम आला की हा कुठला घाम, असं स्वतःला विचारायचे. हँडलवरच्या आरशात मागची जीप दिसायची. तिचा मला आधार होता आणि तिची मला चीडही येत होती.

धुळ्याला नानांच्या मोठ्या बहिणीकडे, अक्कांकडे मुक्काम. अक्कांनी भावाच्या दोस्तांसाठी प्रेमाने काय करावं? भरीत. त्या वर्षभरात मी भरिताला शिवले नव्हते. माझ्यासाठी मुगाची खिचडी वेगळी होती, पण अक्का माझ्याजवळ येऊन बसल्या.

"एक घास खाई ले, माय. मिरची कमी टाकेल शे."

मी विलासकडे बघितलं. ते ताटात बघत होते. मी खाल्लं. एक घास नाही, चांगलं दोनदा घेतलं. इतके दिवस मला कशाची चव लागली नव्हती.

दुसरा दिवस

सोनगीर मागे पडलं, नरडाण्याच्या अलीकडे जळजळ सुरू झाली. छातीच्या मधोमध, जळत वर चढणारी. मी पहिल्यांदा काय केलं असेल? काल काय खाल्लं ते आठवलं. भरीत आठवलं आणि मला दरदरून घाम फुटला. गेल्या वेळीही भरीतच होतं.

पुढून आवाज आला, "शे का?"

एकेकाचा "शे" मागे येत होता. माझा अंगठा घंटीवर होता. वाजवली असती तर ओळ पुढे गेली असती, कदाचित जळजळही गेली असती, आणि राईड पूर्ण झाली असती. हे सगळं माझ्या मनात आलं. मी अंगठा काढून घेतला.

पंक्चर मंडळाचे सगळे ब्रेक एकदम लागले.

या वेळी कोणी भरिताचं नाव काढलं नाही. रेखाने मला रस्त्याच्या कडेला बसवलं. नाना म्हणाले, "कोनी काही बोलू नका. गाडी लई या." जीप तोवर आलीच होती. विलासने दार उघडलं, जिभेखालची गोळी माझ्या तोंडात ठेवली आणि त्यांच्या ओळखीचा असल्यासारखा एक दवाखाना शोधून काढला. नंतर कळलं, आदल्या आठवड्यात ते मोटारसायकलने जळगावपासून शिरपूरपर्यंत जाऊन कागदाची पट्टी काढणारे दवाखाने कुठे कुठे आहेत ते बघून आले होते. मला सांगितलं नव्हतं.

डॉक्टर तरुण होता, प्राचीच्या वयाचा. त्याने पट्टी काढली. विलासने खिशातून माझी जुनी पट्टी काढून शेजारी ठेवली. डॉक्टरने दोन्ही बघितल्या, जळगावला आमच्या डॉक्टरांना फोन केला, फोटो पाठवले. मग मला पडून राहायला सांगितलं, बऱ्याच वेळाने पुन्हा पट्टी काढली, पुन्हा फोन झाला. या सगळ्या वेळात मी छताचा पंखा बघत होते आणि मला फक्त एवढंच वाटत होतं की नको, पुन्हा ते सगळं नको. रेखा माझे पाय चोळत होती आणि स्वतः रडत होती.

शेवटी डॉक्टर म्हणाला, "पट्टीत नवीन काही नाही. जळगावच्या डॉक्टरांचंही तेच म्हणणं आहे. काल काय खाल्लं होतं?"

विलास म्हणाले, "भरीत."

"मग भरीत बाधलंय," डॉक्टर म्हणाला.

आम्ही सगळे त्याच्याकडे असे बघायला लागलो की तो बिचारा घाबरला. मग मला हसू फुटलं. हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही. बाहेर नाना खांबाला टेकून उभे होते, ते आत येऊन म्हणाले, "काय व्हयनं?" आणि रेखाने सांगितल्यावर तिथेच खाली बसले.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते, कारण हे लिहिण्यामागे तीच आहे. जळजळ भरिताची की हृदयाची, हे छातीला कळत नाही, नाना-रेखाला कळत नाही आणि तुम्हालाही कळणार नाही. घंटी वाजवून पुढे जाऊ नका. थांबा, सांगा, पट्टी काढा. भरीत निघालं तर लोक हसतील, हसू द्या.

जीपमध्ये

तापीचा पूल मी जीपमधून ओलांडला. हेही लिहून टाकते, नाहीतर 'मंगलताईंनी राईड पूर्ण केली' असं लोक सांगतात ते ऐकून मला अवघडल्यासारखं होतं. सायकल टपावर बांधलेली, बाकीचे पुढे सायकलींवर, आणि आम्ही दोघं मागून बैलगाडीच्या वेगाने.

विलास दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून होते. नदी रुंद, पाणी शांत, त्यांनी एकदाही बाहेर बघितलं नाही. वर्षभरात पहिल्यांदा मला तो बाकड्यावरचा माणूस दिसला.

मी हात पुढे करून त्यांच्या शर्टावर, छातीवर ठेवला. आत नुसता धडधडाट चालला होता.

"अहो, माझ्यापेक्षा तुमचंच जास्त चाललंय," मी म्हटलं.

"चालू दे," ते म्हणाले. "वर्षभर असंच आहे."

"मले सांगायचं ना."

"तू कधी इचारलं?"

मी म्हटलं, "आता इचारते." आणि हात तसाच ठेवला. शिरपूरच्या अलीकडे त्यांनी एकदा बाहीने डोळे पुसले.

शिरपूरला चहा झाला, माझं पोट निवळलं. जळगावच्या डॉक्टरांना मी स्वतः फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, त्रास नसेल तर शेवटचा सपाट तुकडा हळूहळू चालवा, वाटलं तिथे उतरा. मी विलासला काही म्हणायच्या आत ते टपावर चढून दोऱ्या सोडत होते. सायकल उतरवली, दोन्ही ब्रेक दाबून बघितले, सीट पुसली. मग जीपमध्ये जाऊन बसले.

मी पुन्हा ओळीच्या शेवटी. दोन्ही बाजूंना कापूस, समोर सातपुडा निळसर. भीती गेली नव्हती. आजही गेलेली नाही. ती माझ्यासोबत पायडल मारत होती, आणि मला वाटलं, मारू दे, तिलाही पोचायचं असेल. गाव दिसायला लागलं. देवळापुढे बाया-माणसं उभी होती आणि त्यांच्याशेजारी ती पेशंटची पांढरी गाडी.

नाना पुढून ओरडले, "शे का?"

"शे!" "शे!" "शे!" एकेक करत ओळ मागे आली. रेखाचा "शे" झाला. माझा अंगठा घंटीवर गेला होता. मी तो उचलला. जीभ जड होती, छातीत ठोके लागले होते, ते मी मोजले नाहीत.

"शे," मी म्हटलं. माझ्या मानाने फार हळू. पण नानांना ऐकू गेलं असावं, त्यांची पाठ एकदम ताठ झाली.

ओळ पूर्ण झाली होती. आता पुढे गाव. तेवढ्यात माझ्या मागून, जीपच्या खिडकीतून, एक घोगरा, फाटलेला आवाज आला.

"शे!"

त्याला कोणी विचारलंच नव्हतं. नानांनी हायवेचा नियम मोडून मागे मान वळवली.

"हाऊ कोन शे?"

मी मागे वळून जीपकडे बघितलं. मग मी सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडले, "आमचे हे, नाना! हे बी शे!"